नेमकी शंभर

चारही संचांची बेरीज प्रत्येकी नेमकी शंभर आली, तेव्हा मी पेन खाली ठेवले आणि मागच्या पंधरवड्याची कार्डे मागवली.

मे महिन्याचा तिसरा आठवडा होता. जालन्यातील एका बियाणे कंपनीच्या प्रयोगशाळेचा मी इन-चार्ज होतो. सोयाबीनचे लॉट बाहेर जाण्याचे दिवस. लॉट म्हणजे एकाच वेळी, एकाच पद्धतीने तयार केलेल्या बियाण्याचा ठरावीक साठा. त्याचा नमुना आमच्याकडे येतो, उगवण तपासली जाते, कार्डावर माझी सही होते आणि मगच गोदामातून माल हलतो. सोयाबीनला शंभरात किमान सत्तर चांगली रोपे लागतात. एकोणसत्तर आली तर लॉट थांबतो. त्यावर चर्चा होत नाही.

तपासणीची रीत सोपी आहे. शंभर बियांचा एक संच, असे चार संच ओल्या पेपर टॉवेलमध्ये गुंडाळून ठरावीक तापमानाच्या कपाटात ठेवायचे. पाचव्या दिवशी गुंडाळी उघडायची. जी रोपे धडधाकट आहेत ती मोजून उपटायची आणि टाकून द्यायची. यांना नॉर्मल म्हणतात. आठव्या दिवशी उरलेली पाहायची. त्यांत काही उशिरा आलेली नॉर्मल असतात, काही अॅबनॉर्मल, म्हणजे मूळ खुंटलेली किंवा बीजदले फाटलेली, आणि काही डेड. सगळ्यांची बेरीज कार्डाच्या तळाशी लिहायची.

ती बेरीज शंभर यावी असे कोणालाही वाटेल. पण बिया मांडायचा जो बोर्ड असतो, त्याच्या शंभर खाचांपैकी एखादीत कधी दोन बिया बसतात, कधी अर्धीच बसते. त्यामुळे प्रामाणिकपणे मोजणाऱ्याच्या कार्डावर मधूनमधून नव्याण्णव येतात, एकशे एक येतात. नियमात त्याची सोय आहे. माझ्यासमोर सहीला थांबलेली एकाच माणसाची चौदा कार्डे होती. छप्पन्न संच. छप्पन्न वेळा नेमकी शंभर.

याचा अर्थ एकच होतो. तो माणूस कोणती तरी एक संख्या मोजत नव्हता. शंभरातून वजा करून काढत होता.

कार्डे वैजनाथची होती. वय एक्केचाळीस. गाव वाटूर, घरची शेती, रोज एसटीने जाऊन-येऊन. कृषी पदवीधर. आमच्याकडे तीन वर्षे झाली होती. वेळेवर येत असे, खाली मान घालून काम करत असे, चहाच्या टेबलावर कमी बोलत असे. माझ्या दृष्टीने हे तिन्ही गुणच होते.

मी त्याला आत बोलावले.

"ही सगळी रोपं मोजलीत?"

"हो, सर."

"सगळी?"

तो कार्डाकडे पाहत राहिला. "मोजली, सर," असे म्हणाला, पण दुसऱ्यांदा म्हणताना आवाज खाली गेला.

"जा," मी म्हणालो.

संशयावर मी कारवाई करत नाही. प्रयोगशाळेत प्रत्येक गोष्टीची चाचणी असते, माणसाच्या कामाचीही. तिला चेक सॅम्पल म्हणतात. उत्तर माहीत असलेला नमुना नेहमीच्या नमुन्यांत मिसळून द्यायचा. त्याच दुपारी मी स्वतः बियांचे चार संच मोजले. अठ्ठ्याण्णव, एकशे एक, शंभर आणि सत्त्याण्णव. मग ते रुक्मिणबाईंकडे नेले. पेपर भिजवणे, गुंडाळ्या करणे, कपाटे धुणे हे त्यांचे काम. वीस वर्षे त्या तेच करत होत्या आणि प्रयोगशाळेत मला न घाबरणारी ती एकमेव व्यक्ती होती.

"या गुंडाळ्या वैजनाथच्या ट्रेमध्ये ठेवा. नेहमीसारखा नंबर टाका. बोलू नका."

बाईंनी गुंडाळी हातात तोलल्यासारखी केली. "वैजूभाऊची परीक्षा घ्यून राह्यले का सर तुम्ही?"

"बोलू नका म्हणालो."

"मी कुठं बोलले? मी तर इचारलं." मग गुंडाळी बांधता बांधता म्हणाल्या, "माणूस गरीब हाये बिचारा. खोटं करणारा न्हाई. फकस्त दौऱ्यावर जातो."

"दौऱ्यावर?"

"इथंच बसून. हातात चिमटा, समोर रोपं, अन् भाऊ गायब. पाच मिन्टं, धा मिन्टं. व्हट हालतेत. मी एकदा म्हणलं, काय भाऊ, कलेक्टरसायेब दौऱ्यावर गेल्ते का? तं असा पांढरा पडला की मलाच कसंतरी झालं. मंग पुन्ना न्हाई म्हणलं."

माझ्या केबिनची भिंत काचेची होती. तिचा उपयोग मी वेळेवर येणारे-जाणारे पाहण्यासाठी करत असे. त्या आठवड्यात प्रथमच एका माणसाचे हात पाहिले. वैजनाथ गुंडाळी उघडे. चिमट्याने रोप उचले, डावीकडे ठेवे, दुसरे उचले. लय चांगली होती. मग कधी तरी चिमटा हवेतच थांबे. डोळे उघडे, पण पुढ्यातल्या कागदावर नसत. मान किंचित हले, जणू समोरचा काही सांगतो आहे आणि हा ते ऐकून घेतो आहे. एकदा त्याने सहीसारखे काही तरी चिमट्यानेच हवेत काढले. मी घड्याळ लावले. चार मिनिटे. नंतर अकरा. कधी हात थांबत नसे, डोळे मात्र गेलेले असत, आणि ते मला जास्त खटकले. मग तो दचके, उपटलेल्या रोपांच्या ढिगाकडे पाही, आजूबाजूला कोणी पाहते का ते पाही, आणि ढीग बादलीत सारून कार्डावर घाईने आकडा लिही.

नवव्या दिवशी चेक सॅम्पलचे कार्ड माझ्या टेबलावर आले. शंभर, शंभर, शंभर, शंभर.

तोपर्यंत त्याच्या सगळ्या लॉटच्या सह्या मी रोखून धरल्या होत्या. प्लांट मॅनेजर भालेराव माझ्या केबिनमध्ये आले. माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, हुशार, नेहमी उभ्यानेच बोलणारे.

"सर, चौदा लॉट अडकलेत. गाड्या उभ्या आहेत. प्रॉब्लेम काय आहे?"

मी कार्डे दाखवली. त्यांना समजायला अर्धे मिनिट लागले.

"म्हणजे आकडे खोटे?"

"आकडे मोजलेले नाहीत. खरे असतीलही. मला माहीत नाही, म्हणून सही नाही."

"रिटेस्टला किती दिवस?"

"आठ."

"आठ? सर, लोक पेरणीला बसलेत! विदर्भातून रोज फोन चालू आहेत."

"पेरल्यावर उगवलं नाही तर फोन जास्त येतील."

भालेराव खुर्चीत बसले. हे मी प्रथमच पाहिले. "ठीक आहे. रिटेस्ट करा. पण त्या माणसाला आज बाहेर काढा. डेटा खोटा लिहिणारा माणूस लॅबमध्ये नको. हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत."

ते बरोबर होते. ते मीच शिकवले होते. मी म्हणालो, "उद्या संध्याकाळी सांगतो."

"उद्या काय बदलणार आहे?"

"कारण कळेल. कारण न कळता माणूस काढला, तर त्याच्या जागी येणारा तेच करेल."

दुसऱ्या दिवशी मी वैजनाथला गार्ड सॅम्पलच्या खोलीत नेले. प्रत्येक लॉटचा थोडा नमुना पुढे वाद झाला तर असावा म्हणून तिथे राखून ठेवतात. खोली थंड असते आणि तिथे कोणी विनाकारण येत नाही. मी चेक सॅम्पलची खरी संख्या त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती वाचली आणि कागद परत दिला.

"नोकरी गेली ना, सर?"

"अजून नाही. खरं सांगितलंत तर विचार करता येईल. खोटं सांगितलंत तर आत्ता गेली."

त्याने फळीवरची एक नमुन्याची पिशवी सरळ केली. मग म्हणाला, "मोजता मोजता आकडा सुटतो, सर. साठ-पासष्टपर्यंत जातो अन् मंग मी तिथं नसतो."

"कुठे असता?"

"अंबडला."

मला वाटले, घरचे काही असेल. "अंबडला कोण आहे?"

"कोणी न्हाई. मी तिथं तहसीलदार आहे."

त्याने सांगितले ते मी थोडक्यात लिहितो. पदवीनंतर नऊ वर्षे त्याने स्पर्धा परीक्षा दिल्या. दोनदा मुलाखतीपर्यंत गेला. शेवटच्या वेळी यादीत नाव थोडक्यात राहिले. त्या मुलाखतीत पॅनेलमधील मुख्य गृहस्थांनी त्याची फाइल उघडली, पाहिली, एक शब्द न बोलता मिटली, आणि पुढच्याला बोलवा म्हणाले. वयाची मर्यादा संपली. यादी लागली त्या दिवशी जालन्याहून वाटूरला परत जाताना एसटीत त्याने पहिल्यांदा कल्पना केली की यादीत नाव आले आहे. तासाभराचा प्रवास कसा गेला ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी तो कल्पनेत रुजू झाला. त्याला कार्यालय होते, शिपाई होता, वाळूच्या गाड्या अडवायच्या होत्या, वारस-नोंदीची भांडणे ऐकायची होती.

"किती वर्षं झाली याला?"

"आठ, सर."

"अजून तहसीलदारच?"

हा प्रश्न मी का विचारला ते मला सांगता येणार नाही. त्याने तो सरळ घेतला.

"न्हाई. मागच्या दिवाळीत प्रमोशन झालं. आता उपजिल्हाधिकारी."

आम्ही दोघेही हसलो नाही.

"सुरुवातीला बरं वाटायचं?"

"लई. डोक्याचा ताण उतरायचा. वडील बोलायचे, भाऊबंद टोमणे मारायचे, काय रे सायेब, कवा येणार तुझी जीप. मी मंग तिकडं जायचो अन् परत यायचो तं हलकं वाटायचं. शेतात कामही चांगलं व्हायचं."

"आणि आता?"

"आता परत आलो की सगळं लहान लहान दिसतं, सर. हे टेबल, हा चिमटा. माझाच हात दुसऱ्याचा वाटतो. मंग बेचैनी होती, अन् ती घालवायला पुन्ना तिकडंच जातो. दिवसातून तीन-चार तास जात असतील. झोपायला गेलं की चालूच. घरी बायको बोलत असती, मी भलत्यालाच उत्तर देऊन राह्यलो असतो." तो स्वतःच्या हातांकडे पाहू लागला. "धाकटी मुलगी दोनदा हाक मारती. आधी तिसऱ्यांदाबी मारायची. आता मारत न्हाई."

मी कामावर परत आलो. "आकडा सुटला तर पुन्हा मोजायचा. हे पहिल्या दिवशी शिकवतो."

"मोजायचो, सर. पण दिवसातून धा-धा वेळा पुन्ना मोजणार किती? शेजारच्या टेबलावरचे बघतेत. तुम्ही काचेतून बघता. म्हणून मंग गुंडाळीत जी थोडी उरली, ती मोजायची अन् शंभरातून वजा करायची. बेरीज तं बराबर येती."

"बरोबर येते म्हणूनच सापडलात."

वैजनाथने मान हलवली. ते गणित त्याला पटले असावे. कृषी पदवीधर होता.

मी त्याला अर्ध्या दिवसाच्या वैद्यकीय रजेचा अर्ज लिहायला सांगितला आणि मानसोपचाराच्या डॉक्टरचे नाव दिले. तो उठून उभा राहिला.

"येड्याच्या डॉक्टरकडं? सर, वाटूरला कळलं तं माझ्या पोरींची सोयरीक होणार न्हाई."

"मुली किती वर्षांच्या आहेत?"

"आठ अन् पाच."

"मग वेळ आहे. त्या दवाखान्याच्या जिन्याखाली दाताचा डॉक्टर बसतो. कोणी विचारलं तर दाढ दुखत होती म्हणा."

"अन् न्हाई गेलो तं?"

"तर भालेराव साहेबांना सांगायला माझ्याकडे काही राहत नाही."

तो गेला. मला बरोबर जावे लागले, कारण जिन्यापाशी त्याचे पाय थांबले. मी आत बसावे ही विनंतीही त्याचीच.

डॉक्टरीणबाई पस्तिशीच्या होत्या. त्यांनी त्याचे सगळे ऐकले आणि पहिले वाक्य असे म्हणाल्या की मन भटकणे हा आजार नाही. सगळ्यांचे भटकते. एकसुरी कामात जास्त. त्यात मनाला विश्रांती मिळते, माणूस पुढच्या गोष्टींची आखणी करतो, न बोललेले बोलून घेतो. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. पाहिजे तेव्हा परत येता येते का? आणि परत आल्यावर मन हलके असते की जड? पहिल्याचे उत्तर "न्हाई" आले आणि दुसऱ्याचे त्याने आधीच दिले होते. बाई म्हणाल्या, "दिवास्वप्नानं बरं वाटतं तोवर ते औषध. जगणं टाळायला ते घ्यावं लागतं तेव्हा मात्र त्याचाच त्रास सुरू होतो. तुम्हाला ते बंद नाही करायचं. दार तुमच्या हातात आणायचं आहे."

"गोळ्या?"

"झोपेचं आधी बघू. गोळ्यांचं नंतर ठरवू. दर आठवड्याला यायचं. आणि एक वही करा. जेव्हा जेव्हा मन गेलं, तेव्हा वेळ लिहायची आणि त्याच्या आधी लगेच काय घडलं होतं ते लिहायचं. चूक-बरोबर काही नाही. फक्त नोंद."

नोंद हा शब्द ऐकून मला त्या बाईंविषयी विश्वास वाटला.

संध्याकाळी मी भालेरावांना सांगितले की रिटेस्टचे निकाल येईपर्यंत वैजनाथ मॉइश्चरच्या टेबलावर बसेल. बियाण्यातला ओलावा तिथे यंत्र मोजते, आणि यंत्राचे आकडे दुसरा माणूस वाचून पाहतो.

"आणि निकालानंतर?"

"निकाल पाहून."

रिटेस्ट तीन माणसांनी केली. त्यांतला एक मी होतो. अकरा वर्षांनंतर मी पुन्हा चिमटा हातात घेतला. दुसऱ्याच गुंडाळीत सत्तेचाळीसनंतर माझ्या लक्षात आले की मी रोपे मोजत नसून माझ्या पेन्शनच्या फॉर्मचा विचार करतो आहे. मी इकडेतिकडे पाहिले. कोणी पाहत नव्हते. मी रोपे परत पसरली आणि पहिल्यापासून मोजली. त्या दिवसात हे चार वेळा झाले.

आठव्या दिवशी निकाल आले. चौदापैकी तेरा लॉट आधीच्या कार्डांशी जुळले. एक-दोनचा फरक होता, तो चालतो. चौदावा जुळला नाही. वैजनाथच्या कार्डावर चौऱ्याहत्तर होती. आम्हाला सहासष्ट मिळाली. पुन्हा केली, तीच.

कारण शोधणे कठीण नव्हते. त्या लॉटच्या पाचव्या दिवशी मन अंबडला होते आणि हात चालू होता. हाताने चांगल्या रोपांबरोबर मूळ खुंटलेलीही उपटली. ढीग बादलीत गेला. मग वजाबाकीने ती सगळी नॉर्मल ठरली. त्या लॉटच्या पिशव्या शिवून तयार होत्या. माझी सही झाली असती तर त्या त्याच आठवड्यात शेतांवर पोचल्या असत्या.

मी वैजनाथला सहासष्टचे कार्ड दाखवले. त्याने ते दोनदा वाचले. स्वच्छतागृहात गेला आणि वीस मिनिटांनी परत आला. रुक्मिणबाईंनी त्याच्या टेबलावर पाण्याचा ग्लास ठेवला आणि म्हणाल्या, "प्या. तोंड वाळलंय." त्या दिवशी दौऱ्याचा विषय त्यांनी काढला नाही.

भालेरावांच्या केबिनमध्ये मात्र विषय एकच होता.

"सर, आता तरी? फेल झालेला लॉट त्यानं पास केला होता."

"हो."

"मग?"

"तेरा बरोबर होते. हात वाईट नाही."

"एक पुरतो!"

"पुरतो. म्हणून वर्षभर दुसऱ्याच्या तपासणीशिवाय त्याचा आकडा जाणार नाही. लेखी वॉर्निंग द्या. सहा महिने उगवणीचं टेबल नाही. डॉक्टरकडं जाणं चालू राहील."

"आणि पुन्हा झालं तर? याची गॅरंटी कोण देणार?"

"गॅरंटी बियाण्याची देतात. तीही नऊ महिन्यांची. माणसाची मी देत नाही. तपासणी देतो."

भालेराव खिडकीकडे गेले. "तुम्ही याला का वाचवताय, सर? तुम्ही कोणाला वाचवत नाही. मागं त्या पॅकिंगवाल्याला एका लेबलसाठी घरी पाठवलंत."

याचे उत्तर माझ्या खिशात होते. दोन दिवसांपूर्वी वैजनाथने मला ती वही दाखवली होती. डॉक्टरीणबाईंनी म्हणे सांगितले, हे तुमच्या सरांना दाखवायची हिंमत होते का पाहा. त्याला दोन दिवस लागले. वहीत वेळा होत्या आणि समोर घडलेली गोष्ट. "भावाचा फोन." "बस चुकली." "अकरावीतल्या मित्राचा फोटो, लाल दिव्याच्या गाडीसोबत." अशा पाच-सहा. बाकी सगळ्या ओळी एकाच नमुन्याच्या होत्या. "सर टेबलाजवळून गेले." "सरांनी कार्ड उचललं, बघितलं, ठेवलं. काही बोलले नाहीत." "सर काही बोलले नाहीत." "सर बोलले नाहीत." त्यातली काही पाने मी मागून घेऊन खिशात ठेवली होती.

ती मी भालेरावांसमोर ठेवली. त्यांनी दोन पाने वाचली आणि वर पाहिले.

"कार्डात चूक नसली की मी बोलत नाही," मी म्हणालो. "चांगलं काम पगारात धरलेलं असतं. माझं मत तसंच आहे. पण माझ्या गप्प बसण्यानं माणूस टेबलावरून अंबडला जातो हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं. तापमान अर्ध्या डिग्रीनं हललं तर मला कळतं."

"म्हणजे चूक तुमची?"

"वजाबाकी त्याची. ती लपवावीशी वाटावी अशी लॅब माझी."

त्यांनी पाने माझ्याकडे सरकवली. मग म्हणाले, "वॉर्निंगचा मसुदा तुम्हीच करा. कडक करा."

"केला आहे."

चौदावा लॉट बियाणे म्हणून रद्द झाला. पिशव्या फाडून माल तेलासाठी गेला. तेरा लॉट अठरा-एकोणीस दिवस उशिरा निघाले. पेरण्या व्हायच्या होत्या, तेव्हा नुकसान फार नव्हते.

त्या जूनमध्ये मी कार्डाचा छापील नमुना बदलला. तळाशी एक चौकोन वाढवला: "पुन्हा किती वेळा मोजले". तोंडी जाहीर केले की या चौकोनातल्या आकड्यावर कोणाला काही विचारले जाणार नाही. महिनाभर सगळ्यांनी तिथे शून्य लिहिले. मला आश्चर्य वाटले नाही. मी त्यांच्या जागी असतो तर शून्यच लिहिले असते. मग मी रिटेस्टची माझी कार्डे नव्या नमुन्यावर उतरवली, चौकोनात खरे आकडे भरले आणि ती फलकावर लावली. एका कार्डावर चार होते.

रुक्मिणबाई फलकासमोर उभ्या राहिल्या. अक्षर त्यांना लागते. "सर, तुम्हीबी?"

"हो."

"कुठं जाता?"

"पेन्शन ऑफिसला."

बाई पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या की शेजारच्या खोलीतून माणसे आली. दुसऱ्या दिवसापासून चौकोन भरू लागले. दोन, एक, तीन. मी काही विचारले नाही. पण टेबलाजवळून जाताना कार्ड उचलले तर "ठीक" म्हणू लागलो. एकच शब्द. तो म्हणायला मला सुरुवातीला बरेच लक्ष द्यावे लागले.

वैजनाथ आठ महिने डॉक्टरकडे जात होता. सुरुवातीचे दोन महिने गोळ्या होत्या, पुढे बंद झाल्या. मधे दोनदा घसरला; एकदा तर चार दिवस कामावरच आला नाही, आणि मला भालेरावांचा गॅरंटीचा प्रश्न आठवत राहिला. पाचव्या दिवशी आला. वही बरोबर होती. चार दिवसांची नोंद पूर्ण होती. सहा महिन्यांनी त्याला उगवणीचे टेबल परत दिले, दुसऱ्याच्या सहीसह. वर्षाने दुसरी सही काढली. तो आजही तिथे आहे.

माझ्या निवृत्तीच्या आठवड्यात मी त्याला विचारले, "अंबडचं काय झालं?"

"जातो, सर, कधी कधी. सकाळच्या बसमधी. जालन्याच्या स्टँडवर उतरलो की तेबी उतरतं."

"आणि घरी?"

"घरी न्हाई." मग तो म्हणाला, "धाकटीला एका हाकेवर ओ मिळती आता. मोठी म्हणती, पप्पा आजकाल लई प्रश्न इचारता."

मी "ठीक" म्हणालो आणि त्याचे कार्ड परत दिले.

चाळीस वर्षांच्या नोकरीत मी बियाण्याचे बरेच दोष पाहिले. त्यांतले बहुतेक सांगता आले की सुधारता आले, निदान थांबवता तरी आले. माणसाचे लक्ष कामावरून उडते, याला दोष म्हणावे असे मला आता वाटत नाही. ते उडाले हे सांगण्याची सोय कार्डावर नसणे, हा दोष होता. तो नमुना अकरा वर्षे माझ्या सहीने छापला जात होता.